चार हात लांब

“हिलना नहीं अम्मा. साँस लेते रहो, बस हिलो मत,” असं सांगून तो पोरगेलासा तंत्रज्ञ काचेपलीकडे जाऊन बसला आणि पंचफुला त्या अरुंद खाटेवर एकटी उरली. जात्याच्या तळीसारखं चपटं, जड यंत्र तिच्या तोंडाच्या इतकं जवळ आलं की तिने डोळे मिटून घेतले.

दुखत काहीच नव्हतं. आवाजही नव्हता. यंत्र डोक्यापासून पायाकडे सरकत होतं, पण ते इतकं सावकाश की सरकतंय हेच कळू नये. आजवर तिने शेकडो बायांना दरडावलं होतं, “हालू नको माय, झालंच आता.” न हलणं किती अवघड असतं, ते तिला आज कळत होतं. नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली होती आणि अंग थंडीने काकडत होतं.

ही थंडी त्या खोलीची नव्हती. गळ्यातली गाठ काढून झाल्यावर तिला रोजची गोळी सुरू केली होती, आणि आता या तपासणीसाठी ती कित्येक आठवडे बंद ठेवली होती. जेवणात साधं खडे मीठ, दूध नाही, अंडं नाही. शरीराला आयोडीनची अशी भूक लागू द्यायची, म्हणजे मग किरणोत्सारी आयोडीनचं जे औषध पाजायचं ते गाठीचे उरलेसुरले कण, ते कुठेही जाऊन बसलेले असोत, अधाशासारखे पिऊन टाकतात आणि यंत्रात दिसतात. डॉक्टरीणबाईंनी तिला हे नीट समजावून दिलं होतं. पण उपास गाठीचा असला तरी सोसायचा पंचफुलाने होता. तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, चार पावलं टाकली की धाप लागत होती. ‘पंचफुलाबाई म्हणजे वारा’ असं ज्या गावात म्हणत, तिथे ती हल्ली भिंतीला धरून चालत असे.

औषध पिऊन ती काही दिवस एकटीच एका खोलीत राहिली होती. आज त्याचं चित्र निघत होतं.

चित्र पाहायला डॉक्टरीणबाईंनी नवराबायको दोघांनाही आत बोलावलं. पंचफुला स्वतः नर्स आहे हे कळल्यापासून त्या तिला ‘सिस्टर’ म्हणत. पडद्यावर माणसाची पुसट आकृती होती, आणि तिच्यावर काळे डाग.

“ये पेट, ये पेशाब की थैली. ये तो सबका दिखता है,” त्या म्हणाल्या. “गले में थोड़ा बाकी है.” मग त्यांची पेन्सिल छातीवर आली आणि तिथेच थांबली.

छातीत दोन्ही बाजूंना राळ्याचे दाणे सांडावेत तसे बारीक ठिपके होते.

नागोराव, म्हणजे पंचफुलाचा नवरा, आदिलाबादकडच्या इचोड्याच्या मराठी शाळेत मास्तर. ते चष्मा वर करून पुढे वाकले. “हे काय हाय?” त्यांनी बायकोला विचारलं. पंचफुलाला ते केव्हाच कळलं होतं. ती म्हणाली, “फुप्फुसात गेलं.”

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सिस्टर, छाती का एक्सरे तो साफ था. उसमें कुछ नहीं दिखा. इसमें दिखा, मतलब दवा वहाँ तक पहुँची है. जो दिखता ही नहीं, उसका डर ज़्यादा होता है.” सहा महिन्यांनी परत यायचं, लागलं तर परत औषध. गोळी आता पुन्हा सुरू. आणि अजून तीन आठवडे सगळ्यांपासून जरा लांबच राहायचं. लहान मुलं आणि पोटुशा बाया यांच्या तर जवळपासही जायचं नाही. अंगातून अजून किरणं निघत असतात. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही नाही, कोवळ्या जिवाला बरं नाही.

पंचफुला हसली. “मॅडम, मेरा कामच वो है,” ती म्हणाली.

हैदराबादहून परतीच्या बसमध्ये तिने नागोरावांना पुढच्या बाकावर बसवलं. “आवो, तिकडे बसा. चार हात लांब.” ते बसले. पण दर थोड्या वेळाने मान वळवून बघत राहिले. निर्मलचा घाट लागला तेव्हा शेजारच्या माणसाने वैतागून विचारलं, “मास्तर, मानेले काही झालं काय?” तेव्हा कुठे ते समोर बघायला लागले. ठिपक्यांबद्दल दोघं एक अक्षर बोलली नाहीत. काय बोलणार? त्यांनी आयुष्यभर मुलांना फळ्यावर अक्षरं काढून दाखवली, तिने आयुष्यभर कागदावर बाळांची वजनं लिहिली. हे चित्र वाचायची दोघांनाही सवय नव्हती.

या भागात गळ्याला गाठ असणं काही नवलाचं नाही. गावागावात अशा बाया आहेत, त्या गाठीसकट नांदतात, म्हाताऱ्या होतात. पंचफुलाच्या गळ्याला गाठ आली तेव्हा तिनेही तेच धरलं, आणि त्यात वर्ष गेलं. आवाज बसला तेव्हा ती आदिलाबादला दाखवायला गेली, आणि तिथून तिला थेट हैदराबादच्या कॅन्सरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली.

घरी आल्यावर ती गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत राहू लागली आणि नागोराव मागच्या. मुलगी आदिलाबादला वसतिगृहात होती. तिला सुट्टीतही येऊ नको म्हणून कळवलं. वैशाखाचं ऊन नुसतं आग ओकत होतं, आणि पंचफुला ओट्यावर लोकरीचा स्वेटर घालून बसलेली. येणारेजाणारे थबकून बघत. कुणी म्हणे नर्सबाईले करणी केली, कुणी म्हणे विजेचं औषध देल्लं, हात लावला तर झटका बसते.

तिला काळजी होती ती एकाच गोष्टीची. गावातल्या शकुबाईच्या सुनेचे, राहीचे, दिवस भरत आले होते. राहीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, दुसरं माहेरी झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. या खेपेला पाचव्या महिन्यात पंचफुलाने तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, “यावेळी इथंच राह्य. मी हाय.” आणि आता ती असून नसल्यासारखी होती. तिच्या जागी नेरडीगोंड्याची नर्स येत होती, पण आठवड्यातून दोनदा.

आणि नेमकी ती नर्स कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या कॅम्पला आदिलाबादला गेलेली असताना, भर दुपारी शकुबाई धापा टाकत ओट्याशी आली.

“नर्सबाई, चाला! राहीचं पाणी गेलं. माहा व्यंकटेश तिकडे बेल्लमपल्लीले, खाणीच्या हापिसात. घरात गडीमाणूस नाई.”

“जीप?”

“दवाखान्याची जीप बी कॅम्पलेच गेली म्हणते. बैलगाडीनं इचोड्याले नेऊ म्हटलं, त तिले उठवूनच नाई राह्यलं.”

पंचफुला उठली. खुंटीवरची पिशवी नागोरावांनी आधीच काढली होती. ती भिंतीला धरून ओट्यावरून उतरली आणि तिथेच थांबली. “शकुबाई, रेणुकाबाईले बोलवा,” ती म्हणाली.

शकुबाईला खरं वाटेना. रेणुकाबाई म्हणजे गावची जुनी सुईण. पंचफुला आली त्या सालापासून दोघींचं हाडवैर. पंचफुलाने तिच्या हातातला विळा भर बायांत काढून फेकून दिला होता, आणि रेणुकाबाईने ‘काल आलेली पोट्टी मले नाळ कापाले शिकवते’ म्हणून अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. पुढे सरकारने सुईणींना शिकवायचं काढलं तेव्हा शिकवणारी पंचफुला आणि शिकणारी रेणुकाबाई. तिने ब्लेड घेतलं, साबण घेतला, पण बोलणं धरलं नाही.

“ते म्हातारी? आन् तुमी?”

“मी येते. अंगणात बसते.”

शकुबाईचं अंगण मोठं होतं. एका बाजूला गोठा, समोर ओसरी, आणि ओसरीच्या टोकाला राहीची खोली. तिचं दार अंगणातच उघडायचं. पंचफुला थेट गोठ्याकडे गेली आणि दावणीशेजारी दगडावर बसली. खोलीपासून एवढं अंतर पुरेसं होतं.

शकुबाई ओसरीवरून बघत राहिली. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाली उतरून ती पंचफुलासमोर आली आणि तिने हात जोडले.

“बाई, जुनं मनात धरू नका. ते येळच तशी होती. माही सासू जित्ती होती, तिच्यापुढं मले बोलता येत नोतं. त्याचा सूड माह्या सुनेवर काऊन घेता?”

पंचफुलाला आधी काही उमगलंच नाही. मग तिने आपण कुठे बसलोय ते पाहिलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी याच घरात शकुबाईच्या लेकीचं बाळंतपण होतं. पंचफुला दुर्गे हे नाव ऐकताच ओसरीवरून विचारणा झाली होती, “दुर्गे म्हंजे कोणत्या वस्तीतले?” आणि उत्तर ऐकल्यावर तिला गोठ्याशी बसायला सांगितलं होतं. इथेच. आत रेणुकाबाई होती; पंचफुलाने काही सांगितलं की ती दारातून म्हणे, “हो हो, आयकलं.” पंचफुला तेव्हा पंचविशीची होती. ती इथे दिवसभर बसली, शकुबाईने उभ्याने वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायली, बाळ रडलेलं ऐकलं आणि घरी गेली. पुन्हा आली, पुन्हा पुन्हा आली. मग एका पावसाळ्यात घरात हगवण शिरली, खुद्द सासूच निपचित पडली, तेव्हा ती कुणाला न विचारता उंबरा ओलांडून आत गेली आणि आढ्याच्या खुंटीला सलाईनची बाटली टांगली. त्या दिवसापासून कुणी तिला बाहेर बस म्हटलं नाही. तिनेही ती गोष्ट कधी काढली नाही. मात्र ती आपल्याइतकीच शकुबाईच्याही मनात राहिली असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“शकुबाई,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तसं काही नाई माय. माह्या आंगात औषध हाय. लेकराले बाधते. मी आत आली त तुमच्याच नातवाले तरास. माह्यावर भरोसा ठेवा.”

शकुबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. भरोसा बसला की नाही कोण जाणे, पण आतून राहीची किंकाळी आली आणि ती पळाली.

रेणुकाबाई आली ती पदर खोचूनच. गोठ्याकडे तिने एक नजर टाकली. “काहो बाई, बाहेरच?”

“आज तूच,” पंचफुला म्हणाली. “पिशवीत साबण हाय, ब्लेड हाय.”

“माह्याजवळ हाय माहं,” म्हणत रेणुकाबाई आत गेली.

आता अडचण अशी झाली की पंचफुलाचा आवाज खोलीपर्यंत पोचेना. ती बोलायची ते गोठ्यातल्या म्हशीलाच ऐकू जायचं. शेवटी तिने पिशवी घेऊन मागोमाग आलेल्या नागोरावांना हाक मारली. मास्तरांचा आवाज शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पंचफुला आणि दार यांच्या मधोमध, दाराकडे पाठ करून ते उभे राहिले.

“इचारा, डोकं दिसून राह्यलं काय?”

मास्तरांनी आधी चष्मा सारखा केला. “रेणुकाबाई, डोकं… दिसत आहे का?”

“दिसून राह्यलं! तुमी काऊन लाजता मास्तर, तुमचं थोडीच हाय!” आतून उत्तर आलं. एवढ्या घाईतही ओसरीवरच्या शेजारणी फिसकन हसल्या. मास्तरांचे कान लाल झाले, पण जागा काही त्यांनी सोडली नाही.

“सांगा, आता कळ देऊ नको म्हणा. तोंडानं श्वास.”

“राहीबाई, आता जोर लावू नका! तोंडाने श्वास घ्या!” मास्तर शाळेच्या भाषेत ओरडले.

“नाळ पाहा म्हणा. मानेले हाय काय.”

हा प्रश्न मास्तरांच्या तोंडातून निघायच्या आतच रेणुकाबाईचा आवाज आला, “मानेले वेढा हाय! काढून राह्यली, बोलू नका!” पंचफुलाने मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवले होते, आणि त्यांची बोटं आपोआप हलत होती. नाळेखाली बोट सरकवायचं, हलकेच ओढायची, डोक्यावरून घ्यायची. जे बोटांनी येतं ते सांगून येत नाही.

“निंघाला वेढा!” आणि मग थोड्या वेळाने, “पोरगी हाय!”

रडणं मात्र ऐकू येईना. शकुबाईने ओसरीच्या खांबाला मिठी मारली.

“तोंड पुसा म्हणा! पाठ चोळा!” पंचफुला ओरडली, आणि या खेपेला मास्तरांची गरज पडली नाही. एवढा आवाज कुठून आला ते तिलाही कळलं नाही. आतून चापट्यांचा आवाज आला, रेणुकाबाईची एक शिवी आली, आणि मग ते बारीक, चिडकं, तुटकतुटक रडणं.

शेजारणी हसू-रडू लागल्या. पंचफुला मात्र मान वाकडी करून ऐकत होती. वार पडली, रेणुकाबाईने सांगितलं. मग आतला आवाज कमी झाला. जास्तच कमी झाला.

“रक्त?” पंचफुलाने विचारलं. मास्तरांनी विचारलं.

मग रेणुकाबाई स्वतः दारात आली. कोपरापर्यंत हात लाल. तिने मास्तरांना ओलांडून सरळ पंचफुलाकडे बघितलं. “थांबून नाई राह्यलं बाई. पोट लोण्यासारखं नरम हाय. राही गपगार पडली.”

पंचफुला उठून उभी राहिली. राही आता पोटुशी नव्हती. आड येत होतं ते फक्त एक लेकरू.

“रेणुकाबाई, पोरीले गुंडाळ आन् मागच्या दारानं घेऊन जा. दूर, तुह्या घरी. मी बोलावल्याबिगर आणू नको.”

रेणुकाबाईने लाल हात लुगड्याला पुसले. ती आत वळली. मागचं दार वाजल्याचं ऐकू आल्यावरच पंचफुला ओसरीची पायरी चढली. पायरी चढताना धाप लागली, मास्तर धरायला पुढे आले; “लांब,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

तिने हातमोजे चढवले, इंजेक्शन भरलं, राहीच्या मांडीत दिलं. मग एका हाताने ओटीपोट दाबून चोळायला सुरुवात केली. तिच्या अंगात बळ नव्हतं. गोळी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि बळ यायला अजून आठवडे लागणार होते. ती गुडघ्यावर बसली, वजन टाकलं, आणि चोळत राहिली. स्वेटरच्या आत तिला कित्येक दिवसांनी पहिल्यांदा घाम फुटला. “राही, डोये उघड. माह्याकडं पाह्य. नाव काय ठेवाचं पोरीचं, सांग.” राहीचे ओठ हलले, शब्द आला नाही. पंचफुला चोळत राहिली. आणि मग हाताखाली ते पोट हळूहळू आवळत गेलं, नारळासारखं घट्ट झालं.

तरीही ती थोडा वेळ तशीच बसली, नाडी धरून. मग उठली आणि क्षणभरही जास्त न रेंगाळता बाहेर आली.

“शकुबाई, पोट असंच घट्ट राह्यलं पाह्यजे. हात लावून पाहत राह्या. तिले गोड पाणी पाजा. मास्तर सायकलवर इचोड्याले जाऊन डॉक्टरले आणतेत. आन् तिचं आंग पुसून, लुगडं बदलून, मंगच पोरीले आणा.”

ती पुन्हा गोठ्याशी जाऊन बसली. मागच्या गल्लीतून रेणुकाबाई बाळाला घेऊन परतली तेव्हा ती घराच्या कोपऱ्याशी, बऱ्याच अंतरावर थांबली. तिने पदर बाजूला केला आणि गाठोडं दोन्ही हातांनी जरा वर धरलं. एवढ्या लांबून तोंड काही दिसलं नाही. काळं जावळ तेवढं दिसलं. पंचफुलाने मान हलवली, तशी म्हातारी आत गेली.

ऊन कलल्यावर शकुबाई चहा घेऊन आली. घरातल्या चांगल्या कपबश्यांतली एक. ती थोडी लांब, जमिनीवरच बसली.

“खरंच का वो बाई, हैदराबादले आंगाचा फोटो काढते म्हणे? आतलं दिसते?”

“दिसते.”

“तुमच्या आंगात काय दिसलं?”

हैदराबादहून आल्यापासून कुणी हे विचारलं नव्हतं. मास्तरांनीसुद्धा नाही. “फुप्फुसात गेलं हाय,” पंचफुला म्हणाली. “बारीक बारीक ठिपके. राळे सांडल्यावानी.”

“माय वो!”

“पण दिसलं ते बरं झालं म्हणते डॉक्टर. दिसलं म्हंजे औषध तिथवर गेलं. आता पाहू.”

पुढे आश्विनात ती परत गेली, परत त्या यंत्राखाली निजली. ठिपके विरळ झाले होते, गेले नव्हते. त्यानंतरही तिला जावं लागलं, आणि दर खेपेला ती गोळी सोडून सुजली, काकडली, आणि परत येऊन कामाला लागली. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच दोघींना ठाऊक नव्हतं.

चहा संपला. शकुबाईने कपासाठी हात पुढे केला. पंचफुलाने कप मागे घेतला.

“नाई शकुबाई. मी प्यालेलं मलेच धुवा लागते. भरपूर पाण्यानं. तसंच सांगतलं हाय.”

ती कपबशी घेऊन मोरीच्या दगडाशी जाऊन बसली. शकुबाईने पाण्याने भरलेली कळशी उचलून आणली, उभ्यानेच ती तिरपी केली आणि पंचफुलाने कप खाली धरला. वरून धार पडायची, तेवढ्यात शकुबाईचा हात थांबला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. शकुबाईने कळशी सरळ केली, वाकून ती पंचफुलाच्या पुढ्यात, दगडावर ठेवली, आणि आपण मागे सरकून उभी राहिली.

पंचफुलाने कळशीत हात घातला.